कोरी जागा

चाकणच्या कंपनीत मी पर्चेसला आहे. रोज सकाळी एक्सेलच्या दोन शीट जुळवायच्या: एकीत मागवलेले पार्ट, दुसरीत स्टोअरला पोचलेले. व्ही-लुकअप लावला की पार्ट नंबरावरून कुणाचा माल आला, कुणाचा नाही, ते समोर येतं.

एका सकाळी भोसरीच्या एका वर्कशॉपचा एकही पार्ट सापडेना. सगळ्या ओळींत नुसतं एन-ए, म्हणजे नंबर सापडला नाही. वर्कशॉपवाले काका मूळचे लातूरकडचे, कधी उशीर न करणारे. फोन केला तर म्हणाले, माल कालच उतरवलाय, गेटची पावती आहे. मी साहेबांना सांगितलं, स्टोअरमध्ये जाऊन बघते म्हटलं. त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "सिस्टिम खोटं बोलत नाही."

काका मोटरसायकलवर आले. त्यांना गेटवरच बसवून ठेवलं. मी तोवर शीट उकलत बसले. नंबर डोळ्यांना तंतोतंत सारखे, पण अक्षरं मोजली तर स्टोअरच्या नंबरात एक जास्त. नव्या बारकोड सॉफ्टवेअरवर पहिल्यांदा काकांचाच माल चढवला होता आणि त्याने प्रत्येक नंबरामागे एक कोरी जागा चिकटवली होती. जास्तीच्या जागा काढणारं ट्रिम लावूनही ती जाईना. शेवटी ती जागाच कॉपी करून फाइंड-रिप्लेसमध्ये टाकली, तिच्या बदली काहीच नाही. भराभर सगळ्या ओळी जुळल्या.

साहेबांकडे गेले, तर त्यांनी तोवर पुढची ऑर्डर दुसऱ्याला देऊन वरच्या साहेबांना तशी मेलही टाकली होती. आता मागे घेतली तर आपणच तोंडावर पडू, म्हणाले. निदान काकांशी बोला, म्हटलं.

"सप्लायरला सॉरी म्हणायचं नसतं. डोक्यावर बसतात."

मग मीच गेटवर गेले. माल आतच आहे, चूक आमची होती, ऑर्डर मात्र गेली, एवढं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मी सकाळी हेच सांगत होतो ना?"

त्यांनी हेल्मेट घातलं आणि गेले. नंतर माझा फोन त्यांनी कधी उचलला नाही.

पुढच्या ट्रेनिंगमध्ये ती कोरी जागा कशी काढायची, ते साहेबांनी आम्हाला शिकवलं. मीही वहीत उतरवून घेतल्यासारखं केलं. सिस्टिममध्ये काकांच्या वर्कशॉपपुढे त्या दिवशी पडलेला 'उशीर' हा शेरा अजून आहे. तो काढायला साहेबांची मंजुरी लागते. मी दोनदा मागितली. बघू, म्हणाले.