नकाशावरचं डोहाळजेवण

बदली होऊन चंदीगडला आलो तेव्हा मला दोन गोष्टी येत नव्हत्या. एक पंजाबी आणि दुसरी संगणकावर नकाशे काढणं. पंजाबी अजून येत नाही.

सेक्टर सतरातल्या ऑफिसातून घरी आलो की चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचो. नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं, कुणीही आत डोकवावं असं. त्यात वापरायचा मूळ नकाशासुद्धा जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून काढलेला. त्या हौशींत आता आपणही, या विचारानंच मी हुरळलो होतो. आमच्या मराठी मंडळातल्या घरांचे पत्ते मी त्या सॉफ्टवेअरला खायला घातले आणि त्यानं शहरभर लाल टाचण्या टोचून दिल्या. लिंक उघडायची, टाचणीवर बोट ठेवायचं आणि चालू लागायचं. लोकांचा खासगीपणा जपावा म्हणून टाचण्यांवरचे घर नंबर मी मुद्दाम लपवले. इतका विचारी माणूस मी.

"पापा, टेस्ट किया ना?" आमच्या लेकीनं विचारलं.

"पक्का," मी म्हणालो. आमच्या घराची टाचणी अगदी अचूक होती. ती मी स्वतःच्या हातानं टोचली होती, एवढं मात्र विसरलो होतो.

त्याच सुमारास बायकोनं एका मुलीचं डोहाळजेवण अंगावर घेतलं. मुलगी साताऱ्याकडची. नवरा लष्करात, सीमेवर. आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. सेक्टर बत्तीसमध्ये भाड्याच्या घरात नवीनच राहायला आलेली. तिला एकच धास्ती होती, आपल्याला इथे कुणी ओळखत नाही तर येणार कोण? बायकोनं तिला सगळ्या येतील असं ठामपणे सांगितलं आणि मला ग्रुपवर पत्त्यासकट आमंत्रण टाकायला बजावलं. नकाशा असताना पत्ता कसला, म्हणून मी तिचाही पत्ता सॉफ्टवेअरला भरवला आणि ग्रुपवर नुसती लिंक टाकली.

फेब्रुवारी संपत आला होता, दुपार उबदार होती. मुलगी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून सजवलेल्या खुर्चीत बसली. मसालेभाताचा वास जिन्यापर्यंत गेला. जिन्यावरून वर मात्र कुणी येईना. बायको उगाचच वाट्या इकडच्या तिकडे करू लागली. मी कॅमेरा पुसत होतो, तो पुसून पुसून पुन्हा पुसला.

"काकू, जाऊ द्या," मुलगी हळूच म्हणाली. "माझ्यासाठी कशाला कोण येईल?" आणि कपाळावरची फुलांची बिंदी सोडायला लागली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मंडळातल्या नागपूरच्या वहिनी होत्या.

"भाऊजी, बागेतलं डोहाळजेवण ठेवलं, फार छान केलं. आम्ही सगळ्या कवाच्या येऊन बसलो ना बाप्पा. पोरीला कधी आणता?"

मी लिंक उघडली. टाचणी बागेच्या मधोमध, घसरगुंडीशेजारी. सॉफ्टवेअरला सेक्टर कळत होता, घर नंबर कळत नव्हता. कळत नाही तर गप्प बसावं, पण त्यानं टाचणी सेक्टरच्या मध्यावर ठोकून दिली होती. भूगोलाच्या पेपरात मीही हेच करायचो, त्यामुळे त्याला फार बोलायची सोय नव्हती. आणि चंदीगडात सेक्टरच्या मध्यावर बाग असणारच. वर आपल्याकडे बागेतलं डोहाळजेवण करायची पद्धतच. मग बायकांना शंका तरी का यावी?

बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिली ती मी इथे लिहीत नाही. मग तिनं मुलीची बिंदी पुन्हा नीट बांधली.

"चल गं, सगळ्या जमल्यात. आपणच उशीर केलाय."

मुलगी पुढे, बायको ओटीचं ताट घेऊन मागे आणि सगळ्यात शेवटी मसालेभाताचं पातेलं पोटाशी धरून मी, अशी आमची वरात रस्त्यानं निघाली. बागेत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. उन्हाला बसलेल्या पंजाबी बायकांनीही सरकून जागा केली होती आणि काय चाललंय ते समजल्यावर त्या उठायला तयार नव्हत्या. मुलीला झोपाळ्यावर बसवलं. ओटी भरायला रांग लागली. एका सरदारणीनं आपल्या पिशवीतली संत्रीच तिच्या पदरात घातली आणि डोक्यावरून हात फिरवून पंजाबीत भरपूर काहीतरी म्हणाली. मला एक अक्षर कळलं नाही. मुलीला सगळं कळल्यासारखं दिसत होतं.

कल्पना कुणाची, असं जी ती विचारत होती. मी विनयानं मान खाली घालत होतो. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, पण तोंड उघडलं नाही. तेवढं भाग्य माझं.

मग मुलीच्या नवऱ्याचा फोन आला. तिनं तो कानाला घट्ट धरला, दुसरा कान बोटानं बंद केला.

"अरे, नंतर कर ना," ती म्हणाली. "इथे इतक्या बायका आहेत, मला तुझं काही ऐकूच येत नाहीये."

पातेलं अजून माझ्या पोटाशीच होतं. ते खाली ठेवलं, शेजारी गवतात बसलो आणि कुणी वाढायची वाट न बघता भात खाल्ला.