डाव्या हातावरचे तीन शिक्के

लहानू पळायला शिकला तो कोथिंबिरीमुळे. मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या खालच्या अंगाला त्याचं दीड एकर रान. पावसाळ्यात टेंपो डांबर सोडून आत येत नसे. मग जुड्या पोत्यात भरायच्या, पोतं डोक्यावर घ्यायचं आणि अंधारातून सडक गाठायची. भिजलेली कोथिंबीर पोत्यात फार वेळ राहिली की तापते, काळी पडते. म्हणून पळायचं.

काळी माती पायाला धरते. थांबलेल्याला ती सोडत नाही, चालणाऱ्याशी भांडते, पळणाऱ्याला मात्र नाइलाजानं जाऊ देते. लहानू अनवाणी पळे, अंगठे रोवून, आखूड पावलं टाकत. वीस वर्षं तो असा पळाला आणि आपण काही विशेष करतो आहोत, असं त्याला एकदाही वाटलं नाही.

दोन हजार चार साली अंबडच्या कारखान्यांतल्या काही हौशी मंडळींनी श्रावणात रात्रीची शर्यत काढली. शेतं, ओहोळ, चामरलेणीचा पायथा, असे बारा किलोमीटर. वाट ठरवायला दीपक नावाचा इंजिनिअर आला. लहानूनं त्याला सगळी वाट फिरून दाखवली.

"एवढ्या पावसात, रातीचं, पळायचं कशाला?" लहानूनं विचारलं.

"मजा येते, लहानूभाऊ."

लहानू पोट धरून हसला. "म्हंजे आपुन वीस वर्षं मजाच केली म्हणायची!"

"मग पळा आमच्याबरोबर."

लहानू पळाला आणि सगळ्यांच्या आधी आला. पण वाटेत तीन ठिकाणी माणसं बसवली होती. ती प्रत्येकाच्या डाव्या हातावर रबरी शिक्का उमटवत. शाई चांगली चिकट होती, पावसानं जाणारी नव्हती. शेवटची रेघ मारुतीच्या देवळाच्या आवारात होती. लहानू तिथं पोचला तेव्हा त्याचा हात लख्ख होता.

"शिक्के कुठायत?" दीपकनं विचारलं.

लहानूनं हात उलटासुलटा करून पाहिला. "होते. धुतला मी हात."

दीपकनं यादीतलं त्याचं नाव खोडलं. बक्षिसाची ढाल दुसऱ्याला गेली. ढालीचं लहानूला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भिकानाना सगळ्यांसमोर म्हणाला, "पाप करनाराच घाईनं हात धुतो. मधूनच आला आसंल बांधाबांधानं."

भिकानानाचं रान लहानूच्या शेजारी. दोघांत एक बांध. त्या बांधाची वीतभर माती लहानूनं कधी आपल्याकडे ओढली नव्हती, आणि तोच म्हातारा असं बोलला. लहानू चहा तसाच ठेवून उठला. देवाचं नाव सांगून स्वतःला सोडवून घ्यावं, हे त्याला पटेना. वर्षभर त्यानं बांधावर बसायचं टाळलं. म्हातारा तंबाखू पुढे करी, तेव्हा हा बैलाकडे बघे.

पुढच्या श्रावणात त्यानं पुन्हा नाव दिलं. "ढाल नको," तो बायकोला म्हणाला, "हात दावायचाय."

गोजराबाईनं त्याच्या डाव्या हाताला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि मनगटावर सुतळीनं आवळली.

"आगं, शाई पावसानं जात नाय."

"तुमचा भरवसा नाय. तुम्ही वाळूनं घासता."

त्या रात्री पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बॅटऱ्यांचे उजेड शेतातून काजव्यांसारखे धडपडत होते. बुटांना चिखलाचे पोहे, पोह्यांचे लाडू आणि लाडवांचे भोपळे होत होते. लहानू मोकळ्या पायांनी पुढे निघून गेला. पण प्रत्येक शिक्क्याला सुतळीची ओली गाठ सुटेना. वाटेतल्या दगडखाणीपाशी तर शिक्केवाल्यानं ती दातांनी सोडवली. "वहिनींनी बांधलीय का?" त्यानं विचारलं. "तरीच!"

तिसरा शिक्का घेऊन लहानू देवळाशी आला तेव्हा तो एकटाच पुढे होता. आवाराच्या दगडी उंबऱ्यापाशी त्याचे पाय आपोआप थांबले. कमरेपर्यंत चिखल. रेघ आत, दहा पावलांवर. मागून दोन बॅटऱ्या येत होत्या.

"लहानूभाऊ, या ना आत!" दीपक ओरडला.

लहानू जागचा हलेना. आता लोकही ओरडू लागले. तेवढ्यात गर्दीतून गोजराबाई हंडा घेऊन पुढे आली.

"डावा हात वर करा!"

लहानूनं हात वर केला. तिनं भडाभडा पाणी ओतलं, त्यानं एका पायानं दुसरा पाय चोळला. मागचा गडी त्याच्या बाजूनं, भोपळ्यांसकट, आत धावला आणि पहिला आला. मग आजूबाजूला बघून ओशाळला आणि बूट काढू लागला. लहानू स्वच्छ पायांनी, हात तसाच वर धरून, चालत दुसरा आला. लोक इतके हसले की पहिल्याला टाळ्या द्यायच्या राहून गेल्या.

पण पावसामुळे भिकानाना घरीच होता.

लहानूनं रात्री तो हात धुतला नाही. सकाळी गाईची धार काढली ती एका हातानं. गाईनं दोनदा मान वळवून पाहिलं. मग तो बांधावर जाऊन उभा राहिला.

"नाना, हे बघा."

भिकानानानं चष्मा पुसला, हात जवळ ओढून घेतला. "तीनच हायेत."

"तीनच असत्यात."

"हं." म्हातारा बराच वेळ शिक्के बघत राहिला. "आन् मागल्या वर्साला धुतला व्हय? कशापायी?"

"देवळात शिरायचं व्हतं. कालव्यावर हातपाय धुतले, नेहमीसारखे. ध्यानातच आलं नाय."

भिकानानानं त्याचा हात सोडला.

"आरं, मग तवाच का नाय बोलला?" तो एकदम खेकसला. "धुवायलाच पायजे व्हता! मळक्या हातानं कोन जातं देवळात? वर्सभर मला येड्यावानी बोलू दिलंस!"

त्यानं तंबाखूची चंची काढली आणि पुढे केली.

लहानू सरीपाशी वाकला. पाण्याबरोबर आलेली मूठभर वाळू घेऊन डावा हात स्वच्छ घासला, झटकला आणि मग तंबाखूसाठी पुढे केला.