उंचीप्रमाणे लावलेली रांग

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या मराठी शाळेतील हेडमास्तरांचा. मला पुढे शिकू द्यावे म्हणून ते तीनदा आमच्या ओट्यावर येऊन वडिलांशी बोलत बसले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला.

बी. ए. झाल्यावर मुळशी खोऱ्यात रस्त्याच्या भरावावर देखरेखीची नोकरी मिळाली. हाताखाली चाळीस माणसे, सगळी एकाच गावची. ओढ्यावरचा भराव मृगाआधी पुरा झाला नाही तर तो पुरात जाणार, आणि त्याबरोबर माझी नोकरीही, असे साहेबांनी स्पष्ट सांगितले होते.

माणसे मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहत. येण्याजाण्यात वेळ जाई. शाळेत कवायतीला आम्ही उंचीप्रमाणे उभे राहत असू. मी तशीच रांग लावली, प्रत्येकाची जागा चुन्याने आखली आणि पाटी हातोहात पुढे द्यायला सांगितली. पण मध्यावरची एक तरुण बाई पाटी पुढच्याच्या हाती देईना. ती खाली ठेवी, तोंड फिरवी, मग तो उचली. मागे पाट्या साचत. तीनदा सांगितले. चौथ्यांदा सर्वांदेखत म्हणालो, "आळशी माणसाला या कामावर जागा नाही."

ती पदर सावरून बांधाबांधाने निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर एकही माणूस आला नाही.

मी गावात गेलो. टोळीतली सर्वांत वयस्कर बाई दारात नाचणी पाखडत होती.

"आजी, आज कुणी का आले नाही?"

"तुमची रांग मोडंल म्हनून," ती म्हणाली. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग तिने सूप खाली ठेवले. "त्या पोरीच्या म्होरं कोन हुबा केलावता?"

"उंचीने जो आला तो."

"त्यो तिचा थोरला दीर. त्याच्या हातात हात देईल व्हय ती? तुमच्या घरात सुना न्हाईत का, सायेब?"

होत्या. माझी आई थोरल्या काकांपुढे ताट ठेवून लगेच बाजूला होई. हे मी जन्मभर पाहिले होते. रांग लावताना मात्र मला फक्त उंची दिसली.

मी त्यांच्या घरी गेलो. दीर ओट्यावर होता, ती दाराआड. मी दोघांची माफी मागितली आणि उद्यापासून रांग तुम्हीच लावा, म्हटले.

"म्या म्हागं सरलो असतो, सायेब," दीर म्हणाला, "पर तुमी चुन्यानं आखून दिल्यालं. हलायचं कसं?"



दोन दिवसांनी मी हेडमास्तरांना लिहिले:

"ती. गुरुजींचे सेवेशी सा. नमस्कार. आपण कामाची खुशाली विचारलीत. लोक परत आले आहेत. रांग त्यांनी लावली. उंचीचा कुठेच मेळ नाही, पण पाटी जमिनीला टेकत नाही. एका सुनेला मी सर्वांदेखत आळशी म्हटले आणि माफी मात्र तिच्या घरी जाऊन मागितली, हे मागाहून ध्यानात आले. म्हणून आज कामाआधी सर्वांपुढे पुन्हा मागितली. ती मान खाली घालून पाटी भरत राहिली. तिच्या मनात काय आहे, ते मला ठाऊक नाही. भराव बहुधा वेळेत होईल. न झाल्यास दोष माझा, टोळीचा नव्हे, असे साहेबांना आजच कळवले आहे."