पायानं ऐकणारे काकाजी

काकाजी स्टेजवर चढण्याआधी चपला काढत. बघणाऱ्यांना ती श्रद्धा वाटे. एका लग्नात वरपित्यानं कौतुकानं हात जोडले, तर हे म्हणाले, "देवाचं काई नाई जी. मी पायानं ऐकतो." त्यांचा डबल बास, म्हणजे उभ्यानं वाजवायचं अवाढव्य व्हायोलिन, त्यांच्याहून वीतभर उंच. त्याचे खोल सूर कानाआधी स्टेजच्या फळ्यांतून तळव्यांना कळतात, असं त्यांचं म्हणणं.

लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन ते पुलगावात राहिले आणि माझ्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. लोक त्या वाद्याला सारंगीचा आजा म्हणत. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, याचं फुल फाडू का हाफ? काकाजी शांतपणे म्हणाले, "ज्येष्ठ नागरिक आहे. हाफ दे."

टाळ्या गायकांना मिळत, याचं त्यांना काही वाटत नसे. "वरणातला हिंग दिसते का? नाई टाकला तं समजते."

मग मी नवा कीबोर्ड घेतला, तो वाजवायला एक पोरगा ठेवला. त्यात बासचाही आवाज होता, जाडजूड, हॉल दणाणून सोडणारा. आता तुमची गरज नाही, हे काकाजींना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आर्वीला एक रिसेप्शन होतं. मी फोन करून सांगितलं की या वेळी गाडीत बासला जागा नाही. त्यांना ते खरंच वाटलं.

"मंग माह्या सीटवर त्याले निजव. मी एसटीनं येतो."

बास घेऊन आम्ही पोचलो तेव्हा ते हॉलच्या दारात उभे होते.

त्या दिवशी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या गाण्याआधी मी मिक्सरवर त्यांच्या माइकचा आवाज शून्यावर आणला. अडीच तास ते अनवाणी उभं राहून वाजवत होते आणि लोक कीबोर्डचा बास ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर तपासल्यासारखं केलं.

सामान आवरताना मी म्हणालो, छान झालं काकाजी. ते चपला घालत होते.

"पहिल्याच गाण्यात समजलं होतं, सुधीर. फळीतून दुसराच बास येऊन राह्यला होता."

मी खाली मान घालून विचारलं, मग थांबला का नाहीत?

"तुह्या कीबोर्डवाल्याले घाई लय. अंतऱ्यात पळून राह्यला होता. मी बाजूलेच होतो, त्याले तं ऐकू येत होतं ना. धरून ठेवलं त्याले."

आवाजात राग नव्हता. असता तर मला माफी मागता आली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. तरीही मागता आली असती.

त्यानंतर मी त्यांना बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही. बाजारात भेटले की एवढंच म्हणत, "पळते का रे तो अजून?" मी हसून नाही म्हणायचो. मागच्या उन्हाळ्यात ते गेले.

आता स्टेजवर चढताना मीही चपला काढतो. लोकांना श्रद्धा वाटते. फळीतून कीबोर्डचा बास येतो, सुरात येतो. अंतऱ्याला मात्र आम्ही पळतो, आणि ते माझ्या तळव्यांना आधी कळतं.