कमावलेलं अंग

अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले. आमच्याकडे पैलवानाच्या शरीराला ‘कमावलेलं अंग’ म्हणतात. हा शब्द भावाच्या वाट्याला पुष्कळदा आला. मी जाड, म्हणून ‘खात्यापित्या घरची’ एवढ्यावर माझी बोळवण.

खुब्याचं हाड मोडलं आणि अण्णा हसनाबादहून अंबडला माझ्याकडे आले. डॉक्टरांनी रोज खुर्चीत बसवायला सांगितलं होतं, पण मला ते उचलवत नव्हते. भाऊ पुण्यात. मग दरवेळी शेजारच्या सरांना हाक. अण्णांना हे इतकं लागलं की त्यांनी पाणी पिणंच सोडलं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठायचं तर परक्याचा हात धरावा लागतो. ओठ सुकलेले, तरी म्हणायचे, “तहान न्हाई मला.” माझा जीव तुटायचा आणि संतापही यायचा.

त्याच सुमारास मला शुगर निघाली होती, म्हणून मी वजन उतरवत होते. सकाळी चालणं, रात्री अर्धी भाकरी. काटा खाली आला तशी मी खूश. पण गव्हाचा डबा सरकवताना हात थरथरायला लागले. अण्णांना बघायला आलेली मावशी म्हणाली, “काय गं, वाळून राह्यलीस!” मी चिडले, पण ती बराबर बोलली होती. चरबीबरोबर ताकदही चालली होती.

मग जिम गाठली. तिथल्या प्रशिक्षकानं आज दंड, उद्या पाठ, परवा पोट असा भला मोठा तक्ता हातात दिला. मी विचारलं, “यातलं काय केल्यावर मला माणूस उचलता येईल?” तो आधी हसला, मग माझं तोंड बघून त्यानं तक्ता परत घेतला. शेवटी आम्ही बसून तक्त्यातलं बहुतेक खोडलं. बैठका, जमिनीवरून वजन उचलणं, ओढणं, ढकलणं एवढंच ठेवलं. एक दिवसाआड करायचं, सोपं वाटलं की थोडं वजन वाढवायचं. घरी भाकरी अर्धीच, पण सोबत उसळ, अंडी, दही पोटभर. काटा आता हळू उतरत होता, मी मात्र सरळ चालायला लागले होते. मी नोकरी करते त्या शाळेतल्या बाया म्हणाल्या, “बाप्यासारखी दिसशील.” म्हटलं, दिसू द्या.

एका सकाळी सर जालन्याला गेल्ते. मी खुर्ची पलंगाला लावली.

“अण्णा, गळ्यात हात टाका.”

“तुझ्यानं न्हाई व्हायचं. राहू दे.”

मी ऐकलंच नाही. बैठक घेतली, त्यांना छातीशी धरलं आणि मांड्यांच्या जोरावर उठले. अण्णा उभे होते. मग सावकाश वळून त्यांना खुर्चीत बसवलं. नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

त्यांनी माझा दंड धरून दाबून पाहिला, तालमीत पोरांचा पाहायचे तसा.

“अंग कमावलंस की, माय.”

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “आता जल्दी पाणी आण. गिलासात नको, तांब्या भरून आण.”