एकाच चॅनलवरची दोन लग्नं

काल कॅमेऱ्याची बॅग झटकताना जुन्या ट्रिगरच्या खाचेतून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा पडला आणि घाटकोपरचा तो हॉल आठवला. एकाच मजल्यावर दोन लग्नं, मधे नुसती प्लायवूडची भिंत, तिकडच्या सनईत आमच्या गुरुजींचा आवाज बुडालेला. माझा फ्लॅश स्टँडवर होता आणि त्याला वायरीशिवाय पेटवणारा हा स्वस्तातला ट्रिगर, एक तुकडा कॅमेऱ्यावर, दुसरा फ्लॅशखाली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी बटण न दाबताच फ्लॅश लखलखायला लागला. दाबलं की मात्र ढिम्म. नवरदेवाचे मामा अक्षता मुठीत धरून म्हणाले, “मॅडम, बाजूच्या हॉलवाला बघा, कसला प्रोफेशनल आहे. असला माल नाही आणत तो.” म्हणून बघितलं, तर भिंतीच्या फटीतून तिकडे उजेड चमकला की त्याच क्षणी माझाही फ्लॅश चमकत होता. दोघांच्या ट्रिगरचा रेडिओ चॅनल एकच होता; त्याच्या क्लिकला माझा फ्लॅश पेटून रिकामा व्हायचा, म्हणून माझ्या बटणाला ढिम्म. केसातली पिन काढून मी दोन्ही तुकड्यांवरची चॅनलची इवलीशी बटणं सरकवली, तोवर शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला, डोक्यावर अक्षता पडल्या आणि फ्लॅश माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर पेटला. “मामा,” मी म्हटलं, “तुमच्या प्रोफेशनलकडेही हाच ट्रिगर आहे. माझा फ्लॅश इतका वेळ त्याचं ऐकत होता.” आजही लोक म्हणतात, आता तरी चांगला ट्रिगर घे गं. मी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या चॅनल बदलते. ट्रिगर बदलत नाही.