इंग्लिश खोगीर आणि बाबा

पन्नाशी उलटल्यावर मी दिल्लीत द्वारकेजवळच्या एका मैदानावर घोडेस्वारी शिकायला लागले. ऑफिसात सगळ्यांनी थट्टा केली. केली तर केली. ही इंग्लिश पद्धतीची स्वारी. खोगीर सपाट, पुढे धरायला मूठबिठ काही नाही. पाय रिकिबीत, टाचा खाली, लगाम बोटांत हलकेच, आणि तोल आपला आपण सांभाळायचा. सुरुवातीला मी घोडीची आयाळच धरून असायचे, आणि मांड्या अशा भरून यायच्या की मेट्रोचा जिना नको वाटायचा. पण मजा यायची हो, बिल्कुल खोटं नाही.

खरं तर मला एकदा बाबांना घोड्यावर बसवायचं होतं. त्यांच्या लग्नाला आजोबांनी घोडा ठरवला होता. मराठवाड्यातलं आईचं गाव. दलित नवरदेव वेशीतून घोड्यावर येणार नाही, असं गावाने बजावलं. मारामारी नको म्हणून आजोबांनी घोडा परत पाठवला आणि बाबा मांडवापर्यंत चालत गेले. आई आत नटून बसली होती. बाबा हे हसत सांगतात. माझं मात्र दर वेळी डोकं फिरतं.

या हिवाळ्यात आई-बाबा दोघं माझ्याकडे राहायला आले. मी विषय काढला की बाबा म्हणायचे, या वयात तमाशा नको. शेवटी एका रविवारी नुसतं बघायला म्हणून त्यांना मैदानावर नेलं. बाबा घोडीभोवती फिरले, तिच्या पोटाखालचा खोगिराचा पट्टा ओढून पाहिला, तो सुटत तर नाही ना, असं आमच्या सरांना हिंदीत विचारलं. मग माझ्याकडे वळले.

"तुझं हेल्मेट दे."

मी ते त्यांच्या डोक्यावर चढवून पट्टा लावला. स्टुलावर उभं राहून बाबा चढले. एका बाजूने सर, दुसऱ्या बाजूने मी. घोडी म्हातारी आणि शहाणी, सावकाश निघाली. बाबांनी खोगिराची कड गच्च धरली होती. अर्ध्या फेरीनंतर ती सोडली, पाठ ताठ केली आणि समोर बघायला लागले. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

आई कठड्यापाशी शाल लपेटून उभी होती. तिच्यासमोर सरांनी घोडी थांबवली. आईने बाबांना नीट न्याहाळलं.

"अहो, उशीर केलात," ती म्हणाली. "पण आलात घोड्यावर."